अठरा दात्यांची गरारी

जुन्या डिझेल जीपचा चार गिअरचा गिअरबॉक्स उतरवायचा आणि त्या जागी पाच गिअरचा चढवायचा, हे काम मी पांढुर्ण्यात बावीस वर्षं करतो आहे. गाडी मोकळी पळते, इंजिनाचं ओरडणं कमी होतं, मालक खूश होऊन जातो. जाताना तो एका गोष्टीकडे बघत नाही आणि बहुतेक मिस्त्रीही बघत नाहीत. ती म्हणजे स्पीडचं मीटर.

मीटरला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहानशी गरारी असते, बोटाच्या पेराएवढं दातेरी चाक. ती फिरली की तिच्यात अडकवलेली केबल फिरते, आणि केबलचे फेरे मोजून मीटर काटा हलवतं. गिअरबॉक्स बदलला की आतलं गणित बदलतं, पण मीटरला ते कोणी सांगत नाही. ते आपलं जुन्याच हिशेबानं साठ म्हणत राहतं आणि गाडी सत्तरनं जात असते. यावर उपाय एकच, गरारीचे दाते बदलणं. दाते जास्त केले की केबल हळू फिरते आणि काटा कमी दाखवतो. दाते कमी केले की काटा जास्त दाखवतो. पण नेमक्या दात्यांची गरारी बाजारात मिळत नाही. ती बनवून घ्यावी लागते.

मला ती सौंसरचा माझा मित्र बनवून द्यायचा. त्याचा खराद आहे, म्हणजे लेथ. आम्ही दोघं छिंदवाड्याला एकाच खोलीत राहून आयटीआय शिकलो. मी मोटर मेकॅनिक, तो टर्नर. माझं घर शेतीवाल्यांचं, त्याचे वडील पंचायतीत शिपाई. आमच्या वस्त्या वेगळ्या होत्या, देव वेगळे होते, पण त्या खोलीत एकाच स्टोव्हवर आम्ही दोन वर्षं पिठलं शिजवलं. पुढे माझं लग्न त्यानं स्वतःच्या घरचं असल्यासारखं उचलून धरलं. माझी बायको त्याला भाऊजी म्हणते आणि माझ्या तक्रारी माझ्या देखत त्याच्याकडे करते.

आमची कामाची एक पद्धत ठरली होती. गिअरबॉक्स चढवला की मी जुनीच गरारी लावायचो, बाजार समितीच्या सपाट आवारात टेपनं पन्नास मीटर आखायचो, आणि मीटरकडचं केबलचं टोक मोकळं करून त्याला कागदाची चिंधी बांधायचो. मग दोघंतिघं मिळून जीप ढकलायचे आणि मी त्या चिंधीचे फेरे मोजायचो. मीटरच्या चकतीवर बारीक आकड्यात लिहिलेलं असतं की एका किलोमीटरला केबलचे किती फेरे हवेत. आमच्याकडच्या मीटरांना पन्नास मीटरात बत्तीस लागायचे. माझे फेरे मी फोनवर सांगायचो, तो तिकडे गणित करून दाते ठरवायचा, गरारी कापायचा आणि तंबाखूच्या डबीत घालून पांढुर्ण्याच्या बसवर ड्रायव्हरच्या हाती द्यायचा.

शेवटची परीक्षा मात्र तो स्वतः येऊन घ्यायचा. तिगावच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. मी काटा चाळीसवर धरून गाडी चालवायची, त्यानं डाव्या बाजूला घड्याळ घेऊन बसायचं. चाळीसच्या वेगानं एक किलोमीटरला नव्वद सेकंद लागतात. तो सलग तीन किलोमीटर मोजायचा, जाताना आणि परत येताना, म्हणजे सहा वेळा. मी कंटाळायचो. एकदा म्हणालो, बे, एकदा जमलं की जमलं, काय सत्यनारायणाची पोथी वाचून राहिला. त्यावर तो एवढंच म्हणाला की एक दगड म्हणजे एक साक्षीदार, आणि एका साक्षीदारावर कोणाले फाशी देत नाहीत. तेव्हा मी हसलो होतो.

प्रत्येक गाडीचं टिपण तो एका वहीत करायचा. कोणता गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचा कोणता रेशो, कोणत्या मापाचे टायर, किती दाते. अठरा वर्षांत तिची चाळीसेक पानं भरली. वही त्याच्याकडे असायची, पण ती आमची दोघांची होती. निदान मी तसं समजत होतो.

मागच्या उन्हाळ्यात मला एक पुलर हवा होता, शाफ्टवरचं बेअरिंग ओढून काढायला. माझा तुटला होता आणि जीप अर्धी उघडलेली होती. रेल्वे फाटकाजवळ दुसरं एक गॅरेज आहे. ते चालवणारा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. आमचं भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. माझी काही गिऱ्हाईकं त्याच्याकडे गेली होती आणि मी चारचौघांत त्याला फाटकवाला म्हणून हिणवायचो, कारण तो गिअरबॉक्स बदलला की मीटरची केबल काढून सरळ डिकीत टाकायचा. त्या दिवशी गरज होती म्हणून गेलो.

त्यानं पुलर काढून दिला. मी वळलो, आणि त्याच्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर मला प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक पान दिसलं. वहीच्या पानाचा फोटो होता. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची सवय मला माहीत असलेल्या एकाच माणसाला आहे. गिअरबॉक्स, रेशो, टायर, दाते. खालून तिसऱ्या ओळीवर तेलाचा डाग होता. तो माझ्या अंगठ्याचा होता.

मी बघतो आहे हे पाहून तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "तुमच्या दोस्तानं देल्लं जी. तीन गरार्‍या बनवून देल्ल्या मले. लई सीधा माणूस आहे."

मी हो म्हणालो आणि पुलर घेऊन निघालो. ज्या कामासाठी तो आणला होता ते काम त्या दिवशी झालं नाही.

मला काय वाटलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. त्या पानाची किंमत फार नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. नव्या गाड्यांना केबलच नसते, सेन्सर असतो. जुन्या जीप दरवर्षी कमी होताहेत. आणखी आठ-दहा वर्षांनी ती वही कोणाच्या उपयोगाची राहणार नाही. दुःख त्याचं नव्हतं. त्यानं मला सांगितलं नव्हतं, हे दुःख होतं. दर आठवड्याला आमचं बोलणं व्हायचं. सोयाबीन, मुलांचे पेपर, त्याच्या बायकोची गुडघेदुखी, सगळं सांगायचा. आणि त्या बोलण्यांच्या मधल्या कुठल्या तरी दिवशी त्यानं वही उघडली होती, मोबाइल धरला होता आणि आमचं पान ज्याला मी शिव्या देतो त्याला पाठवून दिलं होतं. आपल्या घराची किल्ली दुसर्‍याच्या कमरेला दिसावी तसं मला झालं.

मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. फोन उचलून एक वाक्य बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी ते पोटात ठेवलं आणि त्याचा फोन आधी दोन वेळा वाजू देऊन मग उचलू लागलो. बायकोनं विचारलं, भाऊजींशी काही झालं का? मी म्हणालो, काही नाही.

पंधरवड्यानं एक जीप आली. लोधीखेड्याजवळच्या एका गावातून सौंसरच्या शाळेत मुलं नेणारी. तिचा मालकच ड्रायव्हर होता, चाळिशीतला, बोलका. जून जवळ आला होता. शाळेनं त्याला बजावलं होतं की मुलं गाडीत असताना चाळीसच्या वर जायचं नाही, आणि मीटर चालू पाहिजे, खरं पाहिजे. मला त्यानं दोनदा सांगितलं, "मिस्त्री, बाकी काही राहिलं तं राहू द्या, मीटर पक्कं पाहिजे. पोट्ट्यांचे बाप मोटरसायकलनं मांगं मांगं येऊन पाहून राहिले."

गिअरबॉक्स चढवला, गाडी ढकलली, फेरे मोजले. वीस दात्यांच्या जुन्या गरारीवर एकोणतीस भरले. मी सौंसरला फोन करून फक्त आकडा सांगितला. त्यानं गणित केलं आणि म्हणाला, अठरा. तिसर्‍या दिवशी डबी आली. संध्याकाळी त्याचा फोन आला, टेस्टला कधी येऊ म्हणून. मी सांगितलं की गाडी घाईत आहे, मीच बघून घेतो. त्याला नवल वाटलं असणार, पण तो बरं म्हणाला.

मी एकटाच तिगावच्या रस्त्यावर गेलो. खरं सांगायचं तर मी मीटर तपासायला गेलो नव्हतो. मी चूक शोधायला गेलो होतो. पहिल्या दगडापाशी मोबाइलचं घड्याळ सुरू केलं, काटा चाळीसवर धरला आणि दुसर्‍या दगडापाशी बंद केलं. ऐंशी सेकंद. नव्वद यायला हवे होते. म्हणजे मीटर चाळीस दाखवत असताना गाडी पंचेचाळीसनं जात होती, आणि तीही शाळेची गाडी. मी तिथंच गाडी वळवली. पुढचे दोन दगड मोजले नाहीत. माझ्या मनाला जे हवं होतं ते मला मिळालं होतं.

गॅरेजात एका डब्यात जुन्या गरार्‍या पडलेल्या असतात. त्यात सोळा दात्यांची एक निघाली. त्यानंच कधीतरी बनवलेली. ती बसवून मी पुन्हा त्याच दोन दगडांमधून गेलो. बरोबर नव्वद सेकंद. मला त्या वेळी जो आनंद झाला तो आठवला की आजही मान खाली जाते. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं गणित चुकलं होतं आणि मी ते एकट्यानं दुरुस्त केलं होतं.

गाडी देताना मी ड्रायव्हरला सांगितलं की सौंसरवाल्यानं गरारी चुकीची पाठवली होती, मी बदलली म्हणून बरं, नाहीतर शाळेत तुझी पंचाईत झाली असती. हे सांगायची काही गरज नव्हती. तो रोज सौंसरला जाणारा माणूस. दोन दिवसांत ते तिकडे पोचणार हे मला माहीत होतं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच आठवड्यात संत्र्याच्या कारखान्याचे शेठ गॅरेजवर आले. गावाबाहेर त्यांचा संत्री धुऊन, पुसून, मापाप्रमाणे निवडणार्‍या यंत्रांचा कारखाना आहे. त्या यंत्रांच्या गरार्‍या झिजत राहतात आणि वर्षभर कोणीतरी लागतो. ते काम माझ्या मित्राला मिळावं म्हणून मीच दिवाळीत शब्द टाकला होता. त्याचं वय होत चाललं होतं, ट्रॅक्टरचे जड शाफ्ट उचलवत नव्हते. हे लहान आणि नेमकं काम त्याच्या हातासाठीच होतं. त्या कामासाठी त्यानं खरादाला नवा चकही, म्हणजे तुकडा धरणारा जबडा, बसवून घेतला होता. शेठ म्हणाले, हंगामाच्या आधी माणूस पक्का करायचा आहे, तुमच्या त्या सौंसरवाल्याला बोलावू का?

मी पाना पुसत होतो. तो पुसत पुसतच मी म्हणालो, "पाहा शेठ. माणूस चांगला आहे. पण आता हात चुकून राहिला त्याचा."

शेठनी फक्त मान हलवली. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल आणि उन्हाबद्दल बोललो.

दुसर्‍या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. शेठचं त्याला काहीच माहीत नव्हतं, ड्रायव्हरकडून गरारीचं कळलं होतं. आवाज शांत होता. तो म्हणाला की अठराच बरोबर आहेत, त्यानं गणित पुन्हा करून पाहिलंय, मी किती दगड मोजले?

मी म्हणालो, किती का मोजीन, दगड काय खोटं बोलतो?

"दगड नाई बोलत. पण तू एकडाव पुन्हा मोज. नाईतर थांब, मी येतो."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. मी म्हणालो, "येऊ नको. फाटकवाल्याकडं जाय. त्याले पानं वाटून राहिला नं तू."

तिकडे खराद चालू असल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला. मग फोन कट झाला. त्यानं केला की मी, ते मला आठवत नाही. मी केला असेल.

जून संपता संपता शाळेच्या जीपचा ड्रायव्हर परत आला. गाडी नीट होती, पण त्याचं तोंड वाकडं होतं. उतरून त्यानं बॉनेटवर हात टेकला आणि मला विचारलं, "मिस्त्री, आमच्या गावाचा रस्ता लांब झाला का?"

मला कळलं नाही. तो म्हणाला, घरापासून शाळेपर्यंत चौदा किलोमीटर आहेत, हे त्याच्या बापाच्या काळापासून सगळ्यांना ठाऊक आहे. आता मीटर रोज पावणेसोळा भरवतं. "अन् चाळीसनं चालवतो तं सायकलवाले पुढं जाऊन राहिले. पोट्टे रोज प्रार्थना झाल्यावर पोचतात. मास्तर म्हणते, बैलगाडी लाव."

शेजारचे दोघं हसले. चौदाचे पावणेसोळा म्हणजे नेमका सोळाला अठराचा फरक. हे गणित करायला वहीची गरज नव्हती.

मी त्याच्याच जीपमध्ये बसलो आणि आम्ही तिगावच्या रस्त्यावर गेलो. या वेळी मी तीन किलोमीटर मोजले, जाताना आणि येताना. पहिल्याला नव्वद सेकंद, दुसर्‍याला एकशे बारा, तिसर्‍याला एकशे एक. परत येतानाही तेच. तिन्ही खरे असूच शकत नव्हते. दुसर्‍या दगडापाशी गाडी थांबवली. तिथं संत्र्याच्या बगीच्याचं नवं लोखंडी फाटक होतं आणि त्याच्या अलीकडे, मोरीजवळ, तो दगड उभा होता. रंग ताजा होता, पण बुडाशी सिमेंटचं जोतं नव्हतं, नुसती माती ठोकलेली.

बगीच्याचा मालक झाडाखाली बसला होता. मी दगडाबद्दल विचारलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो म्हणाला, "हावजी, आम्हीच सरकवला. माल भरायले ट्रक येते, तो वळत नोहता. दगड बरोबर फाटकातच येऊन राहिला होता. फेकून नाई देल्ला, सरकारी चीज आहे. उचलून इकडं लावला, रंगबी देल्ला."

किती सरकवला, असं मी विचारलं. त्यानं हातानं दाखवलं, तिकडून इकडे. सव्वाशे पावलं असतील. आमच्या भागात हे कोणीही करेल. ट्रक वळला पाहिजे आणि दगडही राहिला पाहिजे. त्याची काही चूक आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. चूक त्याची आहे ज्यानं एकच दगड मोजला.

मी ड्रायव्हरला तिथंच सांगितलं की सौंसरवाल्याची गरारी बरोबर होती, चूक माझी होती. तो म्हणाला, हे तुम्ही त्याले सांगा, मले काय सांगता. त्याच दुपारी अठराची गरारी मी परत बसवली.

आधी मी शेठकडे गेलो. मला वाटलं, रिकाम्या हातानं मित्रापुढे उभं राहायला नको. ते काम दुसर्‍याला दिलेलं नव्हतं, नागपूरच्या एकाशी नुसतं बोलणं सुरू होतं. मी सगळं सांगितलं. दगड, सोळा दाते, भिंतीवरचं पान, सगळं. ते ऐकताना शेठनी समोरची झिजलेली गरारी हातात घेऊन परत ठेवली. मग म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही दिवाळीत म्हटलं चांगला, मे महिन्यात म्हटलं बिघडला, आता म्हणता चांगला. मी कोणत्या महिन्याचं ऐकू?"

तरी ते भले माणूस. त्याला एकदा पाठवा, नमुना करून दाखवू दे, असं म्हणाले.

तो निरोप घेऊन मी दुसर्‍या दिवशी सकाळच्या बसनं सौंसरला गेलो. तो खरादावर होता. मला पाहून त्यानं काम थांबवलं नाही, हातातला तुकडा पूर्ण केला, मापला, पुसला आणि मग स्टूल पुढे सरकवलं. त्याच्या बायकोनं आतून पाणी पाठवलं. ती स्वतः बाहेर आली नाही. असं याआधी कधी झालं नव्हतं.

दगडाचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, सव्वाशे पावलं म्हटल्यावर मनात काहीतरी हिशेब केला आणि मान डोलावली. हिशेब जुळला होता. मग मी शेठपुढे बोललेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. हे त्याला अजून कळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग नव्या चककडे पाहिलं.

मी पानाचं विचारलं. आता विचारायचा हक्क उरला नव्हता, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. तो म्हणाला, फाटकवाला स्वतः आला होता. केबल काढून टाकायची लाज वाटते म्हणाला, कसं करायचं ते सांगा. गाड्या मीटरशिवाय आंधळ्या फिरण्यापेक्षा हे बरं, म्हणून पान दिलं. मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलं?

"सांगतलं असतं तं तू नाई म्हटलं असतं. अन् तू नाई म्हटल्यावर मले देता आलं नसतं."

त्याचं हे म्हणणं खरं आहे. तरी ते मला लागलं. माझा नकार टाळण्यासाठी त्यानं मला बाजूला ठेवलं होतं, आणि हे त्यानं तेव्हाही कबूल केलं नाही की त्यात काही चुकलं. मी वाट पाहिली. त्यानं खरादाखालचा कीस झाडून डब्यात भरला.

शेवटी मी शेठचा निरोप सांगितला. नमुना घेऊन ये, काम तुझंच आहे. मला वाटलं, त्याचा चेहरा उजळेल. त्यानं हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं, आणि म्हणाला,

"तुह्या एका शब्दानं गेलं. आता तुह्या एका शब्दानं परत येऊन राहिलं. मंग माह्या हाताचं काय? नाई जात मी."

मी खूप समजावलं. काम गरजेचं आहे म्हटलं, माझ्यावरचा राग कामावर काढू नको म्हटलं, वहिनींचा गुडघा काढला, मुलीचं शिक्षण काढलं. तो म्हणाला, राग नाही. आणि खरंच त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं खराद सुरू केला. त्या आवाजात बोलता येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये मला त्याचा संताप आला. हे लपवून ठेवलं तर बाकी कबुलीला अर्थ नाही. मी चूक मान्य केली होती, शेठपुढे स्वतःला उघडं केलं होतं, गेलेलं काम ओढून आणलं होतं, आणि त्यानं ते घेतलं नाही. मला पुन्हा एकदा फसवल्यासारखं वाटलं. कपाशीची शेतं मागे जात होती आणि मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. पांढुर्णा आलं तरी भांडण संपलं नव्हतं. उतरल्यावर लक्षात आलं की इतका वेळ त्याच्या बाजूनं बोलणाराही मीच होतो, आणि त्याला मी एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ शकलो नव्हतो.

दुसर्‍या दिवशी शेठना कळवायला गेलो. तो येणार नाही म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. वय, डोळे, लांब पडतं, एवढा माल पेलवणार नाही, असलं कोणतंही कारण चाललं असतं. शेठना ते पटलं असतं आणि तेही विसरले असते. मी थांबलो. मग म्हणालो, त्याचा हात पहिल्यासारखाच आहे, तो माझ्यामुळे येत नाही. शेठनी मान हलवली आणि नागपूरला फोन लावायला घेतला. मी कारखान्याच्या बाहेर आलो. पायर्‍यांवर नव्या हंगामाची रिकामी क्रेट्स उतरवत होते, त्यांतून वाट काढत मी गॅरेजवर गेलो आणि काल उघडून ठेवलेला गिअरबॉक्स पुढे खोलायला लागलो.